मैदानाचा कर्ण

ही गोष्ट पुरती सांगायची मी बारा वर्षं टाळली. आधी नोकरी होती म्हणून, मग पेन्शन नीट सुरू होऊ दे म्हणून, मग आता कोणाला आठवत असणार म्हणून. परवा मुलाला सांगितलं की लिहितो आहे, तर तो म्हणाला, "बाबा, आता काऊन उकरून राह्यले? लोक तुम्हाले मानतात." मानतात म्हणूनच लिहितो आहे. ज्याला वाचणं जड जाईल, त्याने वाचू नये.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात मी गणित शिकवलं आणि शेवटची काही वर्षं तिथेच मुख्याध्यापक होतो. शाळेइतकंच माझं काम गावाच्या वावरांतही चाले. भावाभावांत वाटणी असली की लोक म्हणत, सरले बोलवा. मी टेप घेऊन जायचो, चारही धुरे, म्हणजे बांध, मोजायचो, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायचो आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करून क्षेत्रफळ सांगायचो. माझ्या आधीचेही असंच मोजत. शाळेचं मैदान गावाने दिलं, तेव्हा तेही मीच मोजलं. छप्पन्न हजार चौरस फूट. तो आकडा ऑफिसबाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवून घेतला.

पुढे शाळांनी गणित दिवस साजरा करावा असं परिपत्रक आलं. कुठलाही दिवस साजरा करायची आमची रीत ठरलेली होती. फोटोला हार, नारळ, दोन भाषणं आणि चिवडा. गणिताच्या मॅडम नव्या होत्या. त्या म्हणाल्या, यंदा मुलांकडून मैदान मोजून घेऊ आणि त्याचा तक्ता लावू. मी आनंदाने हो म्हटलं. माझाच आकडा येणार होता.

नववीची मुलं दोन दिवस सुतळी घेऊन मैदानात फिरली. चार बाजू तर त्यांनी मोजल्याच, पण मॅडमनी त्यांना एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्णही मोजायला लावला. मैदानाचे दोन त्रिकोण केले, दोन्हींची क्षेत्रफळं काढून बेरीज केली. कार्यक्रमात तक्ता उलगडला, तर भिंतीवरच्या आकड्यापेक्षा साडेपाच हजार कमी.

पहिल्या रांगेत शाळा समितीतले एक म्हातारे काकाजी बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, मंग साडेपाच हजार फूट जागा गेली कुठं? ढोरायनं चरली काय?"

मांडव हसला. मॅडमही हसल्या. त्यांनी चार काड्या टोकाला सुतळीने बांधून आणल्या होत्या. तो चौकोन हातात धरून त्यांनी हळूच तिरका केला. बाज ढिली झाली की अशीच होते, म्हणाल्या. चारही बाजू तेवढ्याच राहतात, पण आतली जागा कमी होते. आपलं मैदान नाल्याकडे असंच तिरकं आहे, आणि तिरक्या जागेचं माप सरासरीने काढलं की नेहमी जास्तच येतं.

त्या "नेहमी"ला मांडवात कुजबुज सुरू झाली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरची वाटणी मी अशीच सरासरीने मोजून दिली होती. त्यांच्या मागे बसलेल्या चौघांचीही.

मी उठलो आणि माइक घेतला. सुतळी ओढली की ताणली जाते, मुलं लहान आहेत, मॅडमना अजून अनुभव नाही, आकडा चुकला आहे, असं मी सांगितलं. मुलांनी मोजलेल्या चारही बाजू माझ्या मापांशी फुटाफुटाने जुळत होत्या. ते तक्त्यावर लिहिलेलंही होतं. कोणी वाचलं नाही.

मॅडम माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, कर्ण मोजून पाहा. एवढंच."

मी आभारप्रदर्शन सुरू करायला सांगितलं.

गावाने त्यांना "जमीन चारणारी मॅडम" करून टाकलं. पालक मीटिंगला विचारू लागले, यांना गणित येते तरी काय? नववी-दहावीचं गणित त्यांच्याकडून काढून त्यांना खालचे वर्ग दिले. त्या कागदावर सही माझी आहे. वर्ष संपताच त्या दुसऱ्या शाळेत गेल्या.

गेल्या डिसेंबरात त्याच शाळेने मला गणित दिवसाचा प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. हार घालायला लोक पुढे आले, तर मी म्हटलं, हार राहू द्या, टेप आणा. सर, बसा ना, भाषण द्या, असं दोघांनी सांगून पाहिलं. मी बसलो नाही. मुलांना घेऊन मैदानात उतरलो, चार बाजू मोजल्या, कर्ण मोजला. दोन त्रिकोणांची बेरीज मॅडमच्या आकड्याला जाऊन भिडली. मग माइकवर सांगितलं, भिंतीवरचा आकडा चुकीचा आहे, तो माझा आहे. मॅडम बरोबर होत्या.

काकाजी आता काठीवर आले आहेत. ते बसल्या जागेवरून बोलले, "सर, मंग आमच्या वाटण्या?"

"पुन्हा मोजू. बोलवा, मी येतो."

चार वावरं मोजून झाली. दोन घरांत आता माझं नाव निघालं की बोलणं बदलतात. बदलू देत. उरलेली वावरंही मी सोडणार नाही.

पण माइकवर मी अर्धंच सांगितलं. पहिल्या गणित दिवसानंतरच्या रविवारी, शाळा बंद असताना, मी एकटा मैदानात गेलो होतो. एका कोपऱ्यात खिळा ठोकून टेप अडकवला आणि कर्ण मोजला. दोनशे सत्तर फूट, तक्त्यावर होता तेवढाच. टेप गुंडाळला आणि घरी आलो. त्यांच्याकडून वर्ग काढून घेतल्याच्या कागदावर सही केली ती त्यानंतर.

हे सांगायला मी जानेवारीत बोरगाव मेघेला त्यांच्या घरी गेलो. माइकवरचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. त्या म्हणाल्या, "सर, मुलांना बराच वेळ उन्हात उभं केलं म्हणे तुम्ही." मी हसलो. चहा झाला. गुडघ्यांविषयी बोलणं झालं, सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या त्यांच्या तपासण्यांविषयी झालं. चारशे माणसांपुढे न कापणारा माझा आवाज त्या लहानशा खोलीत निघेना. त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. मी चपला घातल्या आणि पुन्हा येतो म्हणालो.

उन्हाळ्यात त्या वारल्या. फाटकाशी म्हणायचं ठरवलेलं वाक्य एवढंच होतं: मॅडम, कर्ण मी त्याच आठवड्यात मोजला होता, मला माफ करा.