पिंपळावरची पाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. बंगळूरला मल्लेश्वरममध्ये आमच्या घराजवळ नागांचा कट्टा आहे, नाग कोरलेल्या दगडांचा. तिथल्या पिंपळाला जी रंगवलेली पाटी लोंबते, ती मी टांगली.

मी कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्या वर्षी जपानहून नवी यंत्रं आली आणि ती बसवायला एक जपानी इंजिनिअर पत्नीसह आले. कारखान्याच्या क्लबाच्या मेळाव्यात जपानचं काहीतरी मांडावं, असं त्या बाईंच्या मनात होतं. तिकडच्या देवळांत वाहतात तशा नवसाच्या काही जुन्या लाकडी पाट्या त्यांच्याजवळ होत्या. तळहाताएवढ्या, वर छपरासारखा उतार. एकीवर घोडा, दुसरीवर हात जोडून बसलेली बाई. माझा ब्रशवर हात बरा, म्हणून नकला करायचं काम माझ्याकडे आलं. यंत्रांच्या खोक्यांच्याच फळ्या कापून मी ते सुरू केलं.

एका पाटीवर नुसतं अक्षर होतं. त्यांच्यातलं डोळ्याचं अक्षर, एकदा सरळ आणि एकदा आरशात दिसावं तसं उलटं. डोळे दुखत असले की ही पाटी वाहायची. बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "मागची बाजू कोरी ठेवा. कोरी आहे तोवर ते चित्र. नाव लिहून टांगलं, की नवस."

घरी बायकोला ऐन तिशीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. भाजी निवडताना ती बोटांनी चाचपायची. ऑपरेशन ठरलं तेव्हा आई म्हणाली, "मी काहीतरी नवस बोलते."

"या घरात नवस-बिवस चालणार नाही," मी ताडकन म्हणालो. मराठी मंडळात अंधश्रद्धेवर भाषणं देणारा मी, दुसरं काय म्हणणार?

आणि त्याच आठवड्यात ती डोळ्यांची पाटी मी दोनदा रंगवली. एक बाईंना दिली. दुसरीच्या मागे बायकोचं नाव लिहिलं. जपानी देऊळ बंगळूरात कुठून आणायचं? सकाळी कामावर जाताना कट्ट्यावर चढलो आणि नागाच्या दगडांच्या वर, फांदीला ती सुतळीनं बांधली. खाली फुलं विकणारी अक्का कन्नडात ओरडली, "अण्णा, हा कुठला देव?"

"देव नाही अक्का, शोभेला," म्हटलं आणि सायकलवर टांग टाकली.

थोड्याच दिवसांत पाटीला हळदकुंकू लागलं. त्या अक्षराला एक वेटोळं असतं आणि खाली शेपटी. तशी दोन, समोरासमोर, आणि खाली सगळे नागांचे दगड. अक्कानं त्यात नागाची जोडी पाहिली, तिच्यामागून सगळ्या गल्लीनं. आई भाजीला गेली ती कपाळाला हळद लावूनच परतली.

"अरे, कट्ट्यावर नवी नागाची जोडी आलीय. किती सुरेख काढलीय! मी चांदीचा नाग बोलले. घरात नको म्हणालास ना? मग मी घरात नाही बोलले."

मी पेपरात तोंड घातलं. "कुणीतरी टांगलेली फळी ती, आई."

"कुणाचा तरी जीव अडकला असेल, म्हणूनच टांगली असेल ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं.

ऑपरेशननंतर बायको डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, अशी पडून होती. पुढे पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा चढला. तिनं आधी सासूकडे पाहिलं. "आत्या, तुमच्या लुगड्याला हळद लागलीय." आई रडायला लागली. मी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. इतकं सुटल्यासारखं मला त्यानंतर कधी वाटलं नाही. आज लिहिताना वाटतंय.

पण मंडळाची माणसं घरी आली तेव्हा मी काय केलं? "आमच्या मातोश्री फळीला नवस बोलल्या," म्हणून सगळ्यांना हसवलं. आई कॉफी देत होती. म्हणाली, "हसा बाबांनो. माझ्या सुनेला दिसतंय, बास झालं."

पुढे दर नागपंचमीला ती विचारायची, "नाग वाहून येऊ का रे? नवस डोक्यावर राहू नये." मी म्हणायचो, "फळीला कसली चांदी?" तिला अडवण्याचं खरं कारण वेगळंच होतं. पाटीला नाग बांधायला त्या दोघी जाणार, बायको पाटी उलटून बघणार, आणि माझं अक्षर तिला आता लांबूनही ओळखू येतं.

ते जपानी जोडपं केव्हाच परत गेलं. आई थकली आहे. "तो नाग दिल्याशिवाय मी काही जायची नाही बघ," म्हणते आणि हसते. पण ते सगळं हसू नसतं, हे मला कळतं.

परवा कट्ट्यावर गेलो. पुढचा रंग पावसानं धुतलाय, हळदीचा थर तेवढा आहे. पाटी उलटली. ड्रॉइंगच्या काळ्या शाईतलं नाव अजून वाचता येतं. अक्का म्हणाली, "शोभेला ना, अण्णा?" मलाच हसू फुटलं. तसाच घरी आलो आणि लिहायला बसलो.

आईला आता वाचवत नाही. हे कागद मी बायकोच्या हातात देणार आहे. ती तिला वाचून दाखवील. आईचा चांदीचा नाग माझ्याकडून अजून द्यायचा राहिला आहे.