चंद्री राखेत का जाईना

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी चष्मा पुसून पुसून वाचते आणि हसते. पांढऱ्या साडीतली बाई मला काही आजवर भेटलेली नाही. माझ्या वाट्याला आली ती एक मांजर... आणि तीही मुतरी!

मोताळ्याजवळचं आमचं गाव. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. पंधराव्या वर्षी मला दुसरेपणावर दिली. पहिली, सरस्वती, तापाने गेलेली. तिचा टाक — चांदीच्या पत्र्यावर उठवलेली लहानशी मूर्त — मी गळ्यात घालायचा, अशी रीत. पण आमचं नाक बसकं आणि तोरा राणीचा! आरशात बघावं तर आधी सवत दिसणार? मी टाक काढला, चिंधीत बांधला आणि राखेच्या खापरात तळाशी पुरला.

ते खापर चंद्रीचं. चंद्री सरस्वतीची मांजर. फुटक्या माठाच्या बुडात चुलीची राख घातलेली. बाईसाहेब रोज तिथेच जायच्या, उकरून झाकायच्या. राख बदलायचं काम माझं, म्हणजे दुसरं कोण हात घालणार? केवढी ती अक्कल!

त्याच दिवसापासून चंद्री खापरात जाईना. काठावर बसे, आत बघे, आणि ओसरीवरच्या कापसावर जाऊन मुते. मी राख बदलली (टाक पुन्हा तळाशीच!), खापर हलवलं, तिचा पंजा धरून उकरूनही दाखवलं. ती माझ्याकडे असं बघे, जणू वेड मलाच लागलंय.

मामंजी भडकले. "पिवळ्या कापसाले कोण हात लावीन? बाजारच्या दिवशी पोत्यात घाला अन् मोताळ्याले सोडून द्या!"

बाजारच्या सकाळी सासूबाई पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबल्या. "सरसूनं दुधाच्या बोळ्यानं वाचोली होती वं हिले. तिची येवढीच तर राह्यली होती घरात." मग माझ्या गळ्याकडे बघून, "टाक काऊन नाही वं गळ्यात?"

पोतं हललं. आवाज नाही... नुसतं हललं. माझा तोरा तिथेच उतरला.

"आत्याबाई... राखेत हाये."

"कोन्या राखेत?"

मी खापराकडे बोट केलं.

त्यांनी मारलं नाही. "काढ. धू. घाल," एवढंच म्हणाल्या आणि पोत्याची गाठ सोडली. टाक माझ्या गळ्यात पडेपर्यंत चंद्री उंबऱ्यावर बसून होती. मग उठली, सरळ खापरात गेली.

चांदीचा वास येत असेल, असं मी मनाला समजावलं. म्हणून दुसऱ्या दिवशी गुपचूप पायातलं जोडवं काढून, तशाच चिंधीत, त्याच जागी पुरलं. चंद्री आली, हुंगलं, आणि त्यावर खुशाल मुतली!

तिला काय कळलं, कसं कळलं... इतकी वर्षं झाली, मला सांगता येत नाही. टाक पुन्हा मी उतरवला नाही.

त्या दिवशी ते जोडवं चिंचेने घासत बसले होते, तर सासूबाई मागून येऊन उभ्या राहिल्या. हसू दाबायला पदर तोंडाला लावलेला.

"घास, घास," म्हणाल्या. "ते मांजर तुले अजून वळखत नाही वं."