आक्काची गाडी, मागून

त्याला सगळा रस्ता फ्यूज म्हणतो. गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं दुकान तीन भिंतींचं. चौथ्या बाजूला रस्ताच. बोनेटमध्ये डोकं घालून तो वायरींशी असा पुटपुटतो, की नवख्या गिऱ्हाइकाला वाटावं, आपल्यालाच काही विचारतोय. दिवा विझला तरी वीज संपलेली नसते, ती कुठेतरी अडून बसलेली असते, माणसासारखी, असं त्याचं मत. फ्यूज कुणाला घाबरत नाही. आक्का सोडून.

आक्का त्याची थोरली बहीण. टॅक्सी चालवते. नवी गाडी घेतल्यापासून तिची एकच तक्रार.

"इंजिन सुरू केलं की पुढची दिव्याची पांढरी पट्टी लखलखते. हेडलाइट लावला की मान टाकते. काय बिघडलंय?"

"काही नाही. ती पट्टी दिवसासाठी असते, समोरच्याला गाडी दिसावी म्हणून. हेडलाइट लागल्यावरही ती तशीच राहिली, तर समोरच्याचे डोळे दिपतील."

"दिवे दोन आणि उजेड एकाचा? त्यापेक्षा मी हेडलाइट लावतच नाही. गावात पट्टीवर झकास चालतं."

फ्यूजच्या हातातली पकड थांबली. तिच्या गाडीत पट्टी फक्त पुढे लागते. मागचे लाल दिवे हेडलाइटच्या बटणावर. म्हणजे रोज तिन्हीसांजेला आक्का पाठीशी काळोख घेऊन फिरत होती. समोर डॅशबोर्ड उजळलेला, त्यामुळे तिला पत्ताच नाही. मागून एखादा ट्रक सरळ अंगावर आला असता.

त्याने हे सांगून पाहिलं.

"मला गाडी शिकवतोस? सायकलच्या दांडीवर बसवून तुला शाळेत कोण न्यायचं?"

फ्यूजने पुन्हा बोनेटमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी अंधारून येताना त्याने तिला स्वतःच्या टेम्पोत बसवलं. इंजिनातून आवाज येतोय, जरा ऐक, असं सांगून. गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्याच्या कडेला, दिवे बंद करून पण इंजिन चालू ठेवून ती दोघं बसली. आक्का कान लावून ऐकत होती. तेवढ्यात आरशात एक पांढरी पट्टी उगवली, बाजूने सरकली, आणि पुढे जाताच रस्त्याने ती गाडी गिळून टाकली.

"कोण हा शहाणा?" आक्का खिडकीतून बाहेर वाकली. "मागे एक दिवा नाही. घरी बायको वाट बघत असेल, त्याचं तरी भान ठेवावं."

"बायकोचंच ऐकतोय बिचारा."

पुढच्या काळोखात ती गाडी थांबली, तिचा हेडलाइट लागला आणि मागे दोन लाल दिवे उजळले. त्यांच्या मधोमध, डिकीवर, आक्काच्या लेकीने चिकटवलेला हसरा चेहरा. दार उघडून, फ्यूजने आधीच सांगून ठेवलेले भाऊजी उतरले आणि बायकोला हात हलवून दाखवू लागले.

आक्का त्या लाल ठिपक्यांकडे पाहत राहिली. 

"ती पट्टी मंद का होते म्हणालास?"

"मोठं माणूस बोलायला लागलं की धाकट्याने आवाज खाली घ्यायचा. एवढंच."

"दिव्यांना कळतं ते. तुला कधी कळणार?"

ती उतरली. दार लावता लावता पुन्हा आत वाकली.

"आणि हो, तुझ्या इंजिनातून खरंच आवाज येतोय. उद्या दाखवून घे कुणाला तरी."