फूल जांभळंच होतं

रशीदभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, नाझनीननं, फोनवर सांगितलं तेव्हा मी अंबडच्या बसस्टँडवर उभी होते. त्याला सहा आठवडे झाले. दुःख आहेच, पण शोकसभेत दोघातिघांनी ‘माणूस चांगला, पण भांडखोर’ असं हसत हसत म्हटलं, त्याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मस्तगड भागात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. वीसेक वर्षांपूर्वी अंबडजवळच्या एका टेकडीवर मला कंदातून उगवणारं एक बारकं जांभळं फूल सापडलं. कुठल्याच पुस्तकाशी जुळेना. जेमतेम चार दिवस फुलायचं आणि दाबून वाळवलं की रंग उडायचा. रशीदभाई स्लाइडची फिल्म घेऊन आले. दगडांवर पालथे पडून, वारा थांबायची वाट पाहत त्यांनी अख्खा रोल फुलांवर खर्च केला. दुसऱ्यावर पानं, कंद, माती. “मॅडम, स्लाइडला निगेटिव्ह न्हाई. लॅबनं धुतली तशीच राहणार. म्हणून काम बराबर पाह्यजे.”

फुलांचा रोल मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या लॅबकडे गेला. तिथून महिनाभर उत्तर येईना, म्हणून दुसरा त्यांनी एका लहानशा लॅबला दिला. तो आला लख्ख. मातीचा तांबूसपणासुद्धा जसाच्या तसा. मग फुलांचा आला. सगळ्या स्लाइडवर शेवाळासारखी हिरवी झाक, फुलं मातकट... रशीदभाईंनी एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

आम्ही दोघं त्या नावाजलेल्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरचा म्हणाला, कॅमेरा बिघडला असेल. रशीदभाईंनी दोन्ही रोलच्या स्लाइड शेजारी शेजारी मांडल्या. “एकच कॅमेरा, एकच दिवस, एकाच खोक्यातली फिल्म. आता बोला.”

“कॉम्प्युटरवर रंग बदलून देतो ना, काका.”

“कोणता रंग देणार? फूल तुम्ही पाह्यलं का?”

शेवटी मॅनेजर आला. केमिकल वेळेवर बदललं नव्हतं, असं हळू आवाजात कबूल केलं आणि दोन नवे रोल पुढे सरकवले.

“रोल नको. हेच कागदावर लिहून द्या.”

तो हसला. शटर ओढेपर्यंत आम्ही उभे होतो. कागद मिळाला नाही.

नाव ठरवण्यासाठी त्याच स्लाइड वनस्पतितज्ज्ञांकडे पाठवल्या, त्यांनी परत केल्या: रंगाची खात्री नाही, नाव देता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा टेकडीवर गेलो, तर खडी क्रशरनं तो उतारच खाऊन टाकला होता. नंतर कितीतरी माळ पालथे घातले... ते फूल पुन्हा दिसलं नाही.

भांडखोर! एका माणसाच्या आळसानं एक झाड बिननावाचं नाहीसं झालं, आणि त्याचा जाब विचारणारा भांडखोर? कबुली मागण्याला तुम्ही भांडण म्हणता?

गेल्या आठवड्यात नाझनीननं कपाटातून एक डबा काढून दिला. त्या बिघडलेल्या छत्तीस स्लाइड, एकही न टाकलेली. प्रत्येकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पेन्सिलीनं, त्यांच्या गोल अक्षरात: ‘हिरवं लॅबचं. फूल जांभळं. मी पाह्यलं, मॅडमनी पाह्यलं.’

मी नाझनीनकडं पेन्सिल मागितली आणि तिथंच बसून छत्तीस सह्या केल्या.