हातरुमालाने पास झालेली गाडी

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लावतोय. डोकं फिरलंय माझं, तेव्हा वाचल्याशिवाय जाऊ नका.

लष्कराच्या लिलावातल्या जीपच्या सांगाड्यावर मी आणि बाबल सुताराने प्रवासी गाडी बांधली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाबल एरवी होड्या बांधतो. मागच्या खेपेला मोटार तपासणारे साहेब म्हणाले, "कडा धारदार आहेत. नापास!"

मग आठ दिवस आम्ही पत्रा कानशीने घासला, लाकूड मोरी माशाच्या वाळक्या, काचकागदासारख्या खरखरीत कातड्याने गुळगुळीत केलं. बोटं सोलवटून निघाली.

आज सकाळी गाडी पुन्हा नेली. साहेबांनी रेशमी हातरुमाल काढून प्रत्येक कडेवरून फिरवला. एक धागा अडकला नाही. "छान!" म्हणाले आणि शिक्का मारला. चालवून बघणं सोडाच, इंजिनसुद्धा सुरू करायला सांगितलं नाही!

परत येताना मसुऱ्याच्या उतारावर ब्रेक लागेचना. कडेच्या चिऱ्याच्या गडग्याच्या भिंतीवर आदळली तेव्हा गाडी थांबली.

मी साहेबांना शिव्या घालतच उतरलो. बाबल कपाळावरचं रक्त पुसत म्हणाला, "साहेबान कडा बघल्यान. पण गाडी तुझी मां? आठ दिवसांत तू ब्रेक कित्याक बघूक नाय?"

तेव्हा कुठे मी गाडीखाली वाकून ब्रेक बघितले.

उद्यापासून याच गाडीतून तुमची पोरं शाळेला जायची होती. पासिंगचा कागद माझ्या खिशात आहे. खरं सांगा, तो शिक्का बघून तुम्ही त्यांना बसवलं असतंत ना?