ताईची निळी सायकल
दुकानदार मोबाईलवर पारदर्शक फिल्म चिकटवू लागला, की मला काष्टीच्या आमच्या घराचं अंगण आठवतं. ताईचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि जिच्यावर तिनं तालुक्याच्या शर्यती मारल्या त्या निळ्या सायकलीच्या दांड्यांना ती अशीच फिल्म लावत बसली होती. फिल्म नीट बसावी म्हणून मारलेल्या शाम्पूच्या पाण्याचा वास अंगणभर पसरला होता. "टेम्पोत ओरखडे पडतील गं," म्हणत ती अंगठ्यानं एकेक बुडबुडा कडेला सरकवत होती. पाठवणीला टेम्पोत कपाट चढलं, फ्रीज चढला. तिचे सासरे हसत म्हणाले, "सायकल ऱ्हाऊ द्या हितंच. सूनबाईला आता कुठं जायचंय?" ताईनं हँडल माझ्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसली. गेल्या दिवाळीत माहेरी आली तेव्हा तिच्या लेकीनं विचारलं, "आई, ही सायकल कुणाची?" ताई म्हणाली, "मावशीची."