उन्हाला भिणारा खडा

आमच्या पारनेरच्या घरात दगडांचं एक कपाट होतं. वडील शाळामास्तर. तालुक्यात कुठे विहिरीला सुरुंग लागला की खडकाच्या पोकळीतून पांढऱ्या, हिरवट, क्वचित गुलाबी स्फटिकांचे झुबके निघत, आणि विहीर खणणारे ते टोपलीत घालून आमच्या ओट्यावर आणून टाकत. गावात मला 'दगडमास्तरांची पोर' म्हणत. मी चिडले की आणखीच म्हणत. आई म्हणायची, "घरात ज्वारीला जागा नाही आणि धोंड्यांना कपाट!"

त्या धोंड्यांचे लाड मात्र लेकरांसारखे चालत. धूळ मऊ कुंचल्याने झटकायची, धुवायला कोमट पाणीच घ्यायचं, चुलीच्या धगीजवळ न्यायचं नाही. काही खडे पत्र्याच्या डब्यांत, जुन्या छत्रीच्या काळ्या कापडात गुंडाळलेले असत. ते दिवसा बाहेर काढायची मनाई होती.

लढाई सुरू झाली आणि दादा, माझा थोरला भाऊ, पलटणीत हवालदार-कारकून म्हणून गेला. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. वहिनी मॅट्रिक पास झालेली. दादा परतला की ती पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण होणार, हे त्या दोघांचं ठरलेलं होतं. तोवर मला गणित शिकवून ती हात साफ करून घेई, म्हणजे छडीसाठीही.

दीड वर्षाने कर्जतकडचा एक शिपाई रजेवर आला, तो वाट वाकडी करून आमच्याकडे उतरला. दादाने त्याच्याबरोबर कोलंबोच्या बाजारात घेतलेला एक खडा पाठवला होता, बोराएवढा, कण्हेरीच्या फुलासारखा गुलाबी. शिपाई वहिनीपुढे मान खाली घालून म्हणाला, "वैनी, हवालदार म्हनलं, या खड्याला रंग हाय तवर म्या खुशाल हाय, आसं समजायचं."

आम्ही हसलो. दादाची थट्टा ती. पण वहिनी हसली नाही. तिने खडा दोन्ही हातांनी घेतला.

वडिलांनी भिंग लावून पाहिला तेव्हा त्यांचे डोळे लकाकले. त्यांनी त्याचं लांबलचक इंग्रजी नावही सांगितलं, मला ते आठवत नाही. पण सुनेला नवऱ्याने पाठवलेली वस्तू, त्यात आपण काय बोलायचं, म्हणून "जप हो" एवढंच म्हणाले. शाळेत एकच पाढा दहा वेळा म्हणून घेणारा हा माणूस, घरात एकदा सांगायचं ते त्याच्याकडून राहून गेलं. याबद्दल मी त्यांना पुष्कळ वर्षं माफ केलं नाही.

वहिनी रोज अंघोळ करून सूर्याला पाणी घाली. आरोग्य देणारा देव तो. आता ती ताम्हणात तो खडा ठेवून सूर्यासमोर धरू लागली, नवऱ्याला उदंड आयुष्य मागू लागली, आणि ताम्हण तसंच तुळशीपाशी ठेवून स्वयंपाकाला जाऊ लागली. दुपारपर्यंत खडा उन्हात पडून असे.

दोन महिन्यांत दादाची पत्रं थांबली. आणि एका सकाळी वहिनीने मला हाताला धरून तुळशीपाशी नेलं. "वन्सं, नीट बघा. रंग उतरलाय ना?"

उतरला होता. कण्हेर जाऊन पाण्यात कुंकवाचं बोट बुडवावं इतकाच उरला होता. मी म्हटलं, "छे, काहीतरीच." खोटं बोलायला मला कधी जमलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

तिने जेवण टाकलं तेव्हा आईने सगळं वडिलांच्या कानावर घातलं. वडील ताम्हण पाहून कपाळावर हात मारत म्हणाले, "अगं, उन्हात ठेवलास? हा उन्हाला भिणारा खडा. उजेडच याचा रंग खातो. दादाचा काय संबंध!"

"गेलेला रंग परत येईल, मामंजी?"

"तो नाही येत. आहे तो मात्र राहील. अंधारात ठेव."

"उजेड दाखवलाच नाही तर?"

"तर जाणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही," वडील म्हणाले, आणि वर्गातल्या हुशार मुलीने बरोबर प्रश्न विचारावा तसे खूश झाले. त्यांना वाटलं, ती दगडाबद्दल विचारते आहे.

त्यांनी तिला एक डबी आणि छत्रीचं काळं कापड दिलं. त्या दिवशी वहिनी पोटभर जेवली. मला हायसं वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावरचा तो निश्चय काही मला आवडला नाही.

दादा बेपत्ता असल्याची तार आली, तेव्हा आईने हंबरडा फोडला. वहिनी आत गेली, दार लावून घेतलं, आणि समईच्या उजेडात डबी उघडून पाहून बाहेर आली. "रंग आहे, सासूबाई. रडू नका." असं म्हणून ती भाकऱ्या थापायला बसली.

मग तिच्या खोलीची खिडकी बंद झाली. दाराच्या फटींत तिने चिंध्या कोंबल्या. डबीतल्या कापडातल्या खड्याला कुठून उजेड लागणार होता? पण ती त्या खोलीबाहेर येईनाशी झाली, मला शिकवेनाशी झाली. आई म्हणायची, "दगड जपता जपता पोर पांढरी पडली."

लढाई संपली. माणसं परत येऊ लागली. एक दिवस तोच कर्जतचा शिपाई दारात उभा राहिला, डाव्या हाताची दोन बोटं गमावलेला. ओट्यावर बसून त्याने सांगितलं, "मास्तर, ब्रह्मदेशात नदी उतरताना हवालदार वाहून गेलं. म्या हात धरल्ता. सुटला. म्या डोळ्यानं बघितलं, पुन्हा वर आलं न्हाईत."

वहिनी डबी घेऊन आली. पदराच्या सावलीत तिने ती उघडली. "मग हा अजून गुलाबी कसा?"

तो खड्याकडे बघत राहिला. निरोप त्यानेच आणला होता. आता तो मोडायचा कसा? "व्हय वैनी," एवढंच म्हणून तो उठला. चहासुद्धा घेतला नाही.

पुण्याच्या कॉलेजाचा अर्ज वडिलांनी आणला, तो तिने उघडला नाही. "हे आल्यावर," म्हणाली. तिचं वय तेव्हा तेवीस. मला दादाचा राग आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठे काढायचा ते न कळणारा. आणि मग मी ते केलं.

चैत्र होता. माळवदावर कुरडया वाळत घातल्या होत्या, कावळे हाकलायला दुपारी मी वर बसे. वहिनी त्या वेळी झोपे. मी तिच्या उशाखालची डबी उघडून खडा वर नेऊ लागले आणि तास-दोन तास कुरडयांमध्ये ठेवून परत आणू लागले. माळवदाची माती पायाला भाजे. मी खड्याकडे बघत बसे. मी माझ्या सख्ख्या भावाला रोज थोडा थोडा मारत होते, असंच मला वाटे.

संध्याकाळी वहिनी डबी उघडून बघे. आठ दिवसांत तिचा आवाज खोल गेला. एकदा पाण्याचा तांब्या तिच्या हातातून सुटला. मला वाटलं, ही मरेल आणि ते पाप माझ्या माथी येईल. तरी मी थांबले नाही.

एका दुपारी मी डबी उशाखाली सारली आणि ती जागी झाली. तिने ती उघडून खडा मुठीत घेतला. तो गरम होता. तिने मूठ गालाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान वर करू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी माझी हिंमत झाली नाही. मी रिकाम्या हाताने माळवदावर गेले, तर वहिनी तिथे आधीच बसलेली, डोक्यावर पदरही नाही. समोर पांढऱ्या फडक्यावर खडा.

"वहिनी, तुला ऊन लागेल."

"लागू दे. वन्सं, अजून किती दिवस लागतील?"

"आठ-दहा."

कठड्यावर कावळा येऊन बसला. मी काठी उचलली तर तिने माझा हात धरला. "त्याला हाकलू नका." कावळा फडक्याजवळ उतरला, मान वाकडी करून बघत राहिला, आणि एक कुरडई घेऊन उडाला. वहिनी तेव्हा रडली, तार आल्यापासून पहिल्यांदा.

दहा दिवस ती तिथे बसली. दहाव्या दिवशी खडा पाण्यासारखा झाला. ती उठली, खाली जाऊन खोलीची खिडकी उघडली आणि वडिलांकडे कॉलेजाचा अर्ज मागितला. खडा आणायला मी डबी घेऊन माळवदाकडे निघाले, तिने जिन्याशीच मला थांबवलं.

"राहू द्या वरच," ती म्हणाली. "आता त्याला ऊन काय करणार?"